फाटक निळं होतं

दादा, तुला खाली ठेवलं, पाळकसाहेबांची प्रार्थना झाली, सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली, आणि तेवढ्यात क्वायरमधल्या कुणीतरी फोनला स्पीकर जोडून तुझं गाणं लावलं. भर मार्चचं ऊन. दफनभूमीतल्या कडुनिंबाखाली जेवढी सावली होती तेवढीत बायका दाटीनं उभ्या, पुरुष डोक्यावर रुमाल टाकून उन्हात, आणि तुझं गिटार सुरू झालं. मग तुझा तो नाकातला आवाज, आणि पहिल्याच ओळीत नाताळ. मार्चमध्ये नाताळ! माझ्या शेजारच्या बाईंनी डोळे पुसले आणि मला म्हणाल्या, "किती चांगला संदेश देऊन गेले वं तुझे दादा." मी म्हटलं, "हो ना." दुसरं काय म्हणणार?

मी रडले नाही. तुला तिकडे कुणी सांगायच्या आत मीच सांगते. रामदासपेठेतल्या दवाखान्यात इतकी वर्षं नर्सचं काम केल्यावर माणूस गेला की माझे हात आधी कामाला लागतात, डोळे मागून येतात. तुझ्या वेळी डोळे आलेच नाहीत. माझं लक्ष पेटीच्या दोरांकडे होतं. चौघं चार बाजूंनी दोर सोडत होते आणि एकाचा हात सारखा घाईत होता. तो नीट सोडतो की नाही एवढंच मी बघत होते. सोडला त्यानं नीट. मागं कुणीतरी कुजबुजलं, करुणा पहिल्यापासूनच कठोर. म्हणू दे.

मग गाण्याची दुसरी ओळ आली आणि मला राग आला. तुझ्या कबरीच्या काठावर उभी राहून मला राग आला, दादा. कारण त्या ओळीतलं फाटक तिथंही हिरवंच होतं. आपलं भांडण अर्धवट राहिलं आहे, आणि भांडण अर्धवट टाकून जाणारा माणूस मला आवडत नाही. म्हणून लिहिते आहे.

लोक मला विचारतात, तुझ्या भावाला हे खूळ कुठून लागलं? मराठी माणूस, मराठी चर्च, आणि गाणं अमेरिकेतल्या गुराख्यांच्या चालीवर? मी सांगते, अजनीच्या रेल्वे क्वार्टरमधून लागलं. बाबांच्या शेजारचे अँग्लो-इंडियन गार्ड अंकल, ते कायमचे परदेशी गेले तेव्हा गिटार आणि पेटीभर कॅसेटी तुला देऊन गेले. तेव्हापासून आपल्या घरात घोडे, ट्रक, तुरुंग, सोडलेली दारू आणि मधूनमधून येशू, असं सगळं एकाच चालीवर वाजत राहिलं. मला तेव्हा ते रडकं वाटायचं, खरं तर अजूनही वाटतं. आई म्हणायची, "याले कोणीतरी नाक शिंकरून गायले लावा." तू मोठा झालास, लॅबमध्ये नोकरीला लागलास, रंगीत बूट घ्यायचं वय गेलं, पण कॅसेटींवरच्या गुराख्यांसारखी ती रुंद काठाची टोपी सुटली नाही. त्या टोपीत तू नरखेडकडच्या संत्र्याच्या बागेतला राखणदार दिसायचास. तुझ्या तोंडावर म्हटलेलं आहे, मागून म्हणत नाही.

मिलिंदला मात्र तुझी ती गाणी पहिल्याच भेटीत आवडली. माझा नवरा तुझा पंखा निघावा, हा मला मोठा धक्का होता. तो म्हणाला, "हे तं आपल्या जयंतीच्या गाण्यावानीच आहे. आधी गोष्ट सांगते, माणसाले रडवते, मंग शेवटी एक कानाखाली वाजवते." तू खूश झालास. "बरोबर पकडलं भाऊनं," म्हणालास. तुम्ही दोघं त्या दिवशी चहा गार होईपर्यंत गाण्यांवर बोललात, आणि मी मनात म्हटलं, चला, घरचा तरी प्रश्न सुटला.

घरचा सुटला होता. चर्चचा सुटायचा होता.

मिलिंद मला दवाखान्यातच भेटला. हिंगण्याच्या कारखान्यात त्याच्या सोबत्याचा हात मशीनमध्ये आला होता, त्याला घेऊन तो आला आणि चार दिवस हलला नाही. हे सगळं तुला माहीत आहे. आमचं लग्न विहारात झालं, पंचशील म्हणून, पांढऱ्या साडीत. मी माझा देव सोडला नव्हता, त्याने मला सोडायला सांगितलंही नव्हतं. पण चर्चच्या मंडळीच्या नियमात बसत नव्हतं. एका रविवारी उपासनेच्या शेवटी सूचना झाल्या, तरुण संघाची सभा, छताच्या दुरुस्तीचं काम, आणि त्यातच माझं नाव. शिस्तीखाली. म्हणजे वेदीपाशी मिळणारं प्रभुभोजन बंद, क्वायरमध्ये उभं राहणं बंद, आणि आणखी एक गोष्ट, जी नियमात कुठंच नाही पण सगळ्यांना माहीत असते, की नाताळाची कॅरल पार्टी त्या घराच्या दारात जात नाही. परत यायचा रस्ता एकच. सगळ्या मंडळीसमोर उभं राहायचं, माझी चूक झाली म्हणायचं, मग पाळक डोक्यावर हात ठेवतात आणि तुम्ही पुन्हा आत.

त्या रविवारी तू पुढं गिटार घेऊन बसला होतास. संध्याकाळी समोशांचा पुडा घेऊन माझ्याकडे आलास. तुझा चेहरा उतरलेला, माझा नाही. मिलिंदनं विचारलं, काय झालं? तू म्हणालास, "काही नाही होत. थोडे दिवस चालते हे."

त्या वर्षीचा नाताळ मी तुला कितीदा ऐकवला आहे. आज शेवटचा ऐक.

पार्टी दरवर्षी सदरहून निघून इंदोऱ्यावरून जरीपटक्याकडे जाते, हे मला लहानपणापासून पाठ. आमची गल्ली त्याच रस्त्यावर. मला नियम माहीत होता, पण माझ्या सासूला कोण सांगणार? तिनं कुणाकडून तरी ऐकलं होतं की नाताळात सुनेच्या माहेरचे लोक गात गात दारात येतात आणि त्यांना चहा-चिवडा द्यायचा असतो. बस! दुपारपासून पातेलं चुलीवर. शेजारणीकडून कप मागून आणले. अंगण झाडलं, पाणी शिंपडलं, फाटकावर चांदणी टांगली. ते फाटक सासऱ्यांनी दिवाळीत स्वतः रंगवलं होतं. निळं, चकचकीत, सगळ्या गल्लीत उठून दिसेल असं. मी दोनदा म्हटलं, "आई, नाही येणार ते." ती म्हणाली, "काहून नाही येणार? तुझा भाऊच तं आहे त्यायच्यात."

दिवे लागायच्या वेळेला टेम्पोचा आवाज आला. आधी ढोलक, मग तुझं गिटार. मी ते गिटार झोपेतही ओळखलं असतं. सासूनं पदर डोक्यावर घेतला आणि फाटक उघडून उभी राहिली. "येऊन राहिले वं, ये बाहेर." मी बाहेर आले. टेम्पो गल्लीच्या तोंडाशी हळू झाला. तू मागच्या बाजूला फळीवर बसला होतास, टोपी घालून. तू मला पाहिलंस. मग तू मान खाली घातलीस आणि तारांकडे बघत वाजवत राहिलास, आणि टेम्पो पुढं गेला.

गाणं थांबलंसुद्धा नाही. निदान गाणं तरी थांबवायचं होतं.

सासूनं फाटक लावून घेतलं. मग म्हणाली, "गर्दीत दिसलं नसन घर." तिनं तो चहा गल्लीतल्या लोकांना बोलावून पाजला, चिवडा पोरांना वाटला, आणि मला परत कधी त्या विषयावर एक अक्षर विचारलं नाही. ती जायच्या आधी आजारी होती तेव्हा मी तिचं सगळं केलं, ते त्या न विचारण्यासाठी केलं, असं मला कधीकधी वाटतं.

यानंतर तू माझ्याकडे येणं सोडलंस का? नाही. उलट वाढवलंस. दर शनिवारी. कधी सांबारवडी, कधी मोसंब्यांची पिशवी, माझ्या मुलीसाठी काहीतरी खेळणं. मिलिंदच्या बाबांबरोबर कॅरम. माझी लेक जन्मली तेव्हा दवाखान्यात सगळ्यात आधी तू, गिटारसकट, आणि मेट्रननं हाकलल्यावर जिन्यात बसून वाजवलंस. मला टायफॉइड झाला तेव्हा महिनाभर डबा आणलास. वहिनींच्या हातचा, पण वाटेत सांडवून आणलेला. हे सगळं मी विसरले नाही. तुझ्यासारखा भाऊ शोधून सापडणार नाही, हे मी तुला कधी म्हटलं नाही, आता म्हणते. पण दादा, तू एकटा यायचास. पार्टी घेऊन कधी आला नाहीस.

आणि आलास की चहा पिता पिता तुझं ठरलेलं: "करुणा, दोन मिनिटांचं काम आहे वं. उभी राह्य, म्हण माफ करा, बस. खाली."

"कशाची माफी?"

"कशाची नाही. म्हणायपुरतं."

"म्हणायपुरतं म्हणजे मिलिंदशी लग्न केलं ते चुकलं, हेच ना? त्याच्या समोर बसून, त्याच्या घरचा चहा पिऊन तू मले हे सांगून राहिला."

"तसं नाही वं..."

"मंग कसं?"

मिलिंद पेपर वर धरायचा. तू कपातला शेवटचा घोट उगाच फिरवत बसायचास. एकदा मी म्हटलं, "माफी मागायचीच असन तं ती टेम्पोतल्या लोकायनं मागावी. उभं राहून. माझ्या सासूसमोर." ते वाक्य तू घरी घेऊन गेलास, हे मला नंतर कळलं.

कारण मग ते गाणं आलं. तुझं सिंगल. मी विचारलं, एकच गाणं काढलं म्हणून त्याला सिंगल म्हणतात का? तू गंभीरपणे म्हणालास, हो. जरीपटक्यातल्या एका स्टुडिओत तुम्ही ते रेकॉर्ड केलं. गिटार तुझं, माउथ ऑर्गन तुझा, आणि मागं ते लांबत जाणारं रडकं वाद्य कीबोर्डवर काढलेलं. तू एका शनिवारी फोन घेऊन आलास, टेबलावर ठेवलास आणि टोपी काढलीस. माझ्या घरात तू टोपी कधीच काढत नव्हतास.

दारोदारी गात गेली नाताळाची टोळी,
हिरवं फाटक, आत उभी बाई एक भोळी.

आणि पुढे येशूला उद्देशून,

तू त्या दारी उभा होतास, आम्ही पुढे गेलो,
तुझंच नाव घेत घेत तुला सोडून आलो.

गाणं संपलं. मिलिंद डोळे पुसत होता. तो सिनेमातही रडतो, त्याचं काय. म्हणाला, "दादा, जबरदस्त. ढोलकी पाह्यजे होती जराशी, पण जबरदस्त."

तू माझ्याकडे बघत होतास. मी म्हटलं, "भोळी? मी भोळी? टोळीले यमक पाह्यजे म्हणून मले भोळी केलं?"

तू हसलास. "गाणं आहे वं ते."

"आणि फाटक निळं आहे."

तू हसायचा थांबलास.

"निळं आहे आमचं फाटक. आता बसला तं समोर आहे, पाह्य. हिरवं काहून केलं?"

"मीटरमध्ये बसत नव्हतं."

मी गाऊन दाखवलं. तिथल्या तिथं. निळं फाटक, आत उभी बाई एक भोळी. लहानपणी तुझ्यामागं दुसरा आवाज मीच तर द्यायचे, मला तू मीटर शिकवतोस? बसलं. अगदी आरामात बसलं. मुलगी आतून ओरडली, "मामा, बसते!"

तू टोपीच्या कडेवरून बोट फिरवत राहिलास. मग हळूच म्हणालास, "निळं म्हटलं का सगळ्यायले समजते, कोणतं घर आहे तं. मंग गाणं चर्चमध्ये वाजणारच नाही. हिरवं ठेवलं तं निदान ऐकतीन."

"ऐकतीन आणि म्हणतीन, किती छान, कोण्या गरीब बाईची गोष्ट आहे. आणि पुढच्या नाताळात पुन्हा माझ्या दारावरून जातीन. तुझं गाणं गात."

"गाणं सगळ्यायचं असते वं, करुणा. एका घराचं नसते."

"हे एका घराचं आहे. म्हण ना एकदा. हे घर करुणाचं आहे, म्हण. चर्चमध्ये नको म्हणू, माझ्यासमोर म्हण."

तू म्हटलं नाहीस. फोन खिशात टाकलास आणि सांबारवडी न खाता गेलास. तुला सांबारवडी सोडून जाताना मी त्या एकाच दिवशी पाहिलं.

गाणं चाललं, दादा. चांगलंच चाललं. चर्चमध्ये वाजलं, इंदोऱ्याच्या एका कार्यक्रमात वाजलं, आमच्या वॉर्डातल्या सिस्टरनी मला फॉरवर्ड केलं, खाली लिहिलं, "जरूर ऐका, सुंदर सामाजिक संदेश." मी हात जोडल्याचं चिन्ह पाठवलं. मग एका लोकल चॅनलवर तुझी मुलाखत झाली. पाठीमागं प्लास्टिकची फुलं, तू टोपी घालून. त्या मुलीनं विचारलं, "सर, या गाण्यातली ती बाई कोण आहे?" मी इकडे हातातलं लाटणं खाली ठेवलं. तू म्हणालास, "ती कोणीही असू शकते."

कोणीही! मी टीव्ही बंद केला. मिलिंद म्हणाला, "अगं, पूर्ण तरी ऐक." मी म्हटलं, मला पोळ्या करायच्या आहेत.

त्यानंतर नाताळ आला तेव्हा तुला छातीत दुखायला लागलं होतं. डॉक्टरांनी टेम्पोत बसायला मनाई केली. पार्टी तुझ्याशिवाय गेली, आमच्या गल्लीवरूनच गेली आणि, हो, तुझंच गाणं म्हणत गेली. मी आत होते. मी बाहेर आले नाही. पुढच्या शनिवारी तू आलास, अंगण ओलांडतानाच धापा टाकत, आणि मी तुला पाणीही द्यायच्या आधी म्हटलं, "आता ऐक. पुढच्या नाताळात तू स्वतः गाडी थांबव माझ्या दारात. नाही तं ते गाणं म्हणायचं बंद कर. दोन्हीतलं एक."

तू म्हणालास, "पुढच्या नाताळात थांबवतो."

"नक्की?"

"पाहू वं. जिवंत राह्यलो तं."

"असं बोलू नको. आणि पाहू नको, थांबव."

मार्चमध्ये तू दवाखान्यात गेलास, माझ्या नाही, दुसऱ्या. ड्युटी संपवून मी यायचे. तुझ्या तोंडावर मास्क होता. मी सलाईनचा वेग बघितला, पाय सुजलेत का बघितले, चादर नीट केली. तू मास्कच्या आतून काहीतरी म्हणत होतास. मी म्हटलं, "बोलू नको, दम लागते." तू बोलला नाहीस. आपण हातानंच सलाईनबद्दल बोललो, थोडं मोसंब्यांबद्दल. मी निघताना तू माझा हात जरा जास्त वेळ धरलास. मी तेव्हा बोटांचा रंग बघत होते. नर्सला तेच दिसतं. दुसऱ्या दिवशी मी ड्युटीवर असतानाच वहिनींचा फोन आला.

तिसऱ्या दिवशी तुझ्या घरी प्रार्थना झाली. मंडळीचे पुष्कळ लोक आले. दोघातिघांनी तुझ्या संदेशाबद्दल बोलून घेतलं. एकानं तर सांगितलं की तुझ्या आठवणीत दर नाताळाला ते गाणं म्हणायचं ठरलं आहे. लोक जेवून गेले. दुपार कलली होती. मी आणि शीलावहिनी मोरीपाशी कप विसळत होतो. माझं डोकं तापलेलंच होतं. मी म्हटलं, "वहिनी, एक सांगा. खरं सांगा, आता दादा नाही तं बरं वाटावं म्हणून नका सांगू. गाण्यातलं ते घर माझं आहे, असं तो तुमच्यापाशी तरी कधी बोलला का?"

वहिनींनी नळ बंद केला.

"तुले माहीतच नाही का वं?" त्या म्हणाल्या. "ते प्रभुभोजन घेत नव्हते."

मला कळलं नाही. मी म्हटलं, "कोण?"

"तुझे दादा. तुझं नाव वाचलं ना, त्या रविवारपासून. एकदाही नाही."

प्रभुभोजनाच्या रविवारी सगळी मंडळी ओळीनं वेदीपाशी जाते, गुडघे टेकते, भाकर आणि द्राक्षारस घेऊन परत जागेवर येते. तेवढा सगळा वेळ तू संथ काहीतरी वाजवत असायचास. वाजवणाऱ्यानं सगळ्यात शेवटी जायचं असतं. तू शेवटीही जात नव्हतास, दादा. वाजवत राहायचास. पाळक ताट झाकायचे, आशीर्वाद व्हायचा, लोक चपला शोधायला लागायचे. गिटार वाजतं आहे तोवर वाजवणाऱ्याकडे कोण बघतं?

वहिनींनी बघितलं होतं. विचारलं होतं. तू त्यांना म्हणालास, "तिले बंद, तं मलेबी बंद. ती येईन तेव्हा दोघं सोबत घेऊ." आणि मला सांगायचं नाही अशी शपथ घातलीस. म्हणालास, तिला कळलं तर ती फक्त माझ्यासाठी जाऊन माफी मागून येईल, आणि तिनं ती मागायला नको.

म्हणजे दर शनिवारी माझ्याकडे बसून, दोन मिनिटांचं काम आहे, उभी राह्य, म्हणत होतास तो तू. आणि मी मागू नये म्हणून तोंड शिवून बसला होतास तोही तूच. कोणत्या दादाशी भांडू मी?

"दवाखान्यातबी," वहिनी म्हणाल्या. "पाळकसाहेब डबीत भाकर घेऊन आले होते, पलंगापाशी. मी हात जोडले, म्हटलं आता तरी घ्या. यायनं मास्क बाजूले केला, म्हणे नाही. करुणा आली का घेऊ. तू संध्याकाळी आली होती त्या दिवशी, पण पाळक तं निघून गेले होते."

माझं एक वेळ सोड. मी आता अर्धी इकडची, अर्धी तिकडची. ती भाकर मला मिळाली नाही तर रविवारी मी अंमळ उशिरा उठते, एवढंच. पण तू विश्वासणारा माणूस. ताप असला तरी उपासना न चुकवणारा. तुझ्यासमोरून ते ताट इतकी वर्षं जात राहिलं आणि तू खालमानेनं वाजवत राहिलास, आणि शेवटी उशाशी आलं तेव्हाही नाही म्हणालास. फाटक हिरवं करणारा माणूसही तूच, आणि हाही तूच. माझ्या डोक्यात हे दोघं अजून शेजारी बसत नाहीत.

तेव्हा मी रडले, दादा. मोरीपाशी, हातात साबणाचा कप धरून. वहिनी मला धरून उभ्या होत्या, आणि खरं तर मी त्यांना धरायला पाहिजे होतं.

तू टेम्पो थांबवला नाहीस, ते नाहीसच. त्याला मी आजही बरोबर म्हणणार नाही. माझी सासू पदर डोक्यावर घेऊन उभी होती, आणि तिच्यासाठी कुणी काही सोडलं असेल तरी तिला ते कधी कळलं नाही. मला वाटत राहिलं, त्या चर्चच्या बाहेर मी एकटी आहे. दर रविवारी, दर नाताळात, तुझं गाणं सगळं नागपूर म्हणत होतं तेव्हाही, एकटी. आणि तू इतकी वर्षं माझ्याच बाजूला बाहेर उभा होतास, सगळ्यांच्या मधोमध बसून. मला एवढंच पाहिजे होतं. गाणं नको होतं, मोसंबी नको होती, हेच पाहिजे होतं.

काहून नाही सांगतलं गा, दादा?